राखणीच्या कुत्र्यांची पैदास आणि खुब्याची तपासणी: नर-मादी कोणत्या आधारावर निवडावी?

संत्राबगीचा (वरूड तालुका)

नमस्कार. आमचा संत्र्याचा बगीचा आहे आणि त्याच्या जोडीला आम्ही काही वर्षांपासून जर्मन शेफर्डची मर्यादित पैदास करतो. पिल्ले बहुतेक वरूड, मोर्शी, काटोल आणि नरखेड या पट्ट्यातील बागायतदारच नेतात. आंबिया बहाराचा माल तोडणीला आला की रात्रीची राखण एकट्या जागल्याच्या भरवशावर सोडता येत नाही, आणि रानडुकरांचा कळप वावरात शिरला तर धुऱ्यावरून धावत जाणारा दणकट कुत्रा प्रत्येकाला हवा असतो. त्यामुळे आपल्याकडे मागच्या पायांचे आरोग्य हा हौसेचा विषय नाही, कामाचा विषय आहे.

आमच्याकडून गेलेल्या एका कुत्र्याचा वर्षभराच्या वयात एक्स-रे काढला, तेव्हा त्यात दोन्ही खुब्यांचा डिस्प्लेसिया, म्हणजे सांधा नीट न घडण्याचा दोष, निघाला. त्याचे आई-बाप दोघेही आजवर कधी लंगडलेले नाहीत. आपल्या भागात नर निवडताना डोके, हाड, केस आणि पाठीचा उतार पाहतात. खुबा कोणी पाहत नाही. यापुढे तपासणी झाल्याशिवाय एकही जोडी लावायची नाही असे आम्ही ठरवले आहे. तपासणी कोणत्या वयात करावी, कोणती पद्धत धरावी, आणि निकाल मध्यम आला तर ते जनावर पैदाशीतून बाद करावे की नाही, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

पशुवैद्यक (अमरावती)

विषय महत्त्वाचा असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत बसतो. डिस्प्लेसिया होणाऱ्या पिल्लाचा सांधा जन्मतः बहुधा ठीकच असतो. पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सांधा धरून ठेवणाऱ्या बंधांत सैलपणा येतो, माथा वाटीत घट्ट न राहता हलत राहतो, वाटी उथळ घडते, कूर्चा झिजते आणि शेवटी संधिवात होतो. हा विकार एका जनुकाचा नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि त्यावर आहार, वजन व वाढीचा वेग यांचा परिणाम होतो. म्हणूनच दिसायला निर्दोष असलेल्या आई-बापांच्या पोटी दोषी पिल्लू येऊ शकते.

चालीवरून निदान करण्याचा मोह टाळावा. काही कुत्रे धावताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकतात, बसून उठताना अडखळतात किंवा चढावर जायला नाखूश असतात. पण ज्यांचे एक्स-रे वाईट आहेत असे कितीतरी कुत्रे तरुणपणी वाऱ्यासारखे धावतात, कारण मांड्यांचे भक्कम स्नायू सांधा सावरून धरतात. उलट वाढीच्या वयातील प्रत्येक लंगडणे खुब्याचे नसते. जर्मन शेफर्डच्या पिल्लांत लांब हाडांना सूज येऊन पाय दुखणे नेहमी आढळते आणि ते बहुधा आपोआप थांबते.

पद्धतींविषयी सांगायचे तर, सर्वांत प्रचलित पद्धतीत कुत्र्याला उताणे झोपवून मागचे दोन्ही पाय सरळ व समांतर ताणतात, गुडघे थोडे आत वळवतात आणि एक्स-रे काढतात. अमेरिकेत 1966 मध्ये स्थापन झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स, म्हणजे ओ.एफ.ए., याच चित्रावरून सात दर्जे ठरवते. पहिले तीन दर्जे निर्दोष, चौथा सीमारेषेवरचा आणि शेवटचे तीन दोषयुक्त मानतात. अंतिम प्रमाणपत्रासाठी कुत्र्याचे वय किमान 24 महिने लागते, त्याआधीचे वाचन प्राथमिक धरतात. युरोपात एफ.सी.आय. या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेचे ए ते ई असे पाच दर्जे चालतात आणि बहुतेक जातींचे वाचन वर्षभराच्या वयानंतर होते. ब्रिटनमध्ये नऊ बाबी पाहून प्रत्येक खुब्याला 0 ते 53 गुण देतात. दोन्ही मिळून जास्तीत जास्त 106, आणि गुण जितके कमी तितके चांगले.

पेनहिप ही पद्धत वेगळी आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विकसित झालेल्या या पद्धतीत पूर्ण भूल देऊन सांधा विशिष्ट साधनाने बाहेरच्या बाजूस ढकलतात आणि माथा किती सरकतो ते मोजून 0 ते 1 मधला आकडा काढतात. 0.30 किंवा त्याखाली आकडा असेल तर पुढे संधिवात होण्याचा धोका फार कमी असतो. सैलपणा थेट मोजला जातो आणि ही तपासणी 16 आठवड्यांच्या पिल्लावरही करता येते, हे तिचे बलस्थान आहे. पाय ताणून काढलेल्या नेहमीच्या चित्रात सांध्याचे आवरण पिळले जाऊन माथा वाटीत दाबला जातो, त्यामुळे काही सैल सांधे त्यात घट्ट भासतात. मात्र पेनहिप प्रशिक्षण घेऊन मान्यता मिळवलेल्या पशुवैद्यानेच करायची असते, म्हणून आधी फोनवर चौकशी केल्याशिवाय प्रवास करू नये.

वर्धाकाठ (आर्वी)

डॉक्टरसाहेब, माहिती उत्तम आहे, परंतु एक शंका स्पष्टपणे मांडतो. आमच्या वावरातली गावठी कुत्री आयुष्यभर रोही (नीलगाय) आणि डुकरांमागे धावतात आणि म्हातारी होऊनच मरतात. त्यांचे खुबे कोणी तपासले? एक्स-रे, भूल, गाडीभाडे हा सगळा खर्च करून निकाल वाईट आला तर पैदासकाराने काय करावे? इकडे ग्राहक पिल्लाचा पंजा आणि हाड पाहून पैसे मोजतो, कागद पाहून नाही. प्रामाणिक माणसाने तपासणी करून आपलीच मादी बाद करायची आणि शेजाऱ्याने न तपासता तीन वेते विकायची, असाच याचा अर्थ होतो.

पशुवैद्यक (अमरावती)

भाऊ, गावठी कुत्र्यांविषयी आपले निरीक्षण बरेचसे योग्य आहे. हलके अंग, सावकाश वाढ आणि मागच्या पायांनी अधू झालेल्या जनावराला फारशी पिल्ले न होणे, ही तिथली नैसर्गिक निवड आहे. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, रॉटवायलर यांच्याबाबतीत ती निवड आपण थांबवली. जोडी माणूस ठरवतो, म्हणून निवडीची जबाबदारीही माणसावर येते. गावठी कुत्र्यांत हा दोष नसतोच असे मात्र म्हणता येणार नाही, कारण ज्याचा एक्स-रे कधी निघाला नाही त्याच्याविषयी आपण फक्त चालीवरून बोलतो.

निकाल वाईट आला तर काय, हा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि माझ्या मते सगळी चर्चा इथेच यायला हवी. एका जनावराचा एक एक्स-रे ही फार अपुरी माहिती आहे. समजा, आपल्याकडे दोन नर आहेत. पहिल्याचे स्वतःचे चित्र उत्कृष्ट आहे, पण त्याच्या वेतातील ज्या भावंडांची तपासणी झाली त्यांपैकी निम्मी दोषी निघाली. दुसऱ्याचे चित्र नुसते ठीक आहे, पण त्याची सगळी भावंडे आणि आधीची पिल्ले निर्दोष आहेत. पैदाशीसाठी मी दुसरा नर निवडेन. पहिल्याने चांगला सांधा मिळवला असेल, पण त्याच्या घराण्यात दोषाची जनुके भरपूर आहेत आणि ती तो पिल्लांना देणारच.

म्हणून पैदाशीला ठेवलेल्या एका-दोघांचेच चित्र काढून थांबू नये. विकलेल्या पिल्लांचीही चित्रे वर्ष-दीड वर्षाच्या वयात मिळवावीत, आणि वाईट निघालेली तर आवर्जून नोंदवावीत. अमेरिकेत अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या द सीइंग आय या संस्थेने नातेवाईक जनावरांच्या नोंदींसह निवड केली, तेव्हा पाच पिढ्यांच्या आतच जर्मन शेफर्डमधील दोषाचे प्रमाण 55 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर आणि लॅब्राडोरमधील 30 वरून 10 टक्क्यांवर आले. त्यांचा पैदाशीचा कळप त्यांच्याच ताब्यात होता, आपला गावोगाव विखुरलेला आहे. तरीही पद्धत तीच लागू पडते.

जुना पैदासकार (नागपूर)

कागदांविषयी एक गोष्ट लिहिणे आवश्यक वाटते. आपल्याकडील अनेक जर्मन शेफर्डच्या वंशावळीत परदेशातून आणलेले नर आहेत आणि विक्रेते ‘जर्मन ए-स्टॅम्प’ असे मोठ्या तोऱ्यात सांगतात. जर्मनीतील शेफर्ड संघटनेच्या पद्धतीत पैदाशीस पात्र ठरलेल्या तिन्ही दर्जांना हाच ‘ए’ लागतो, आणि त्यांतील तिसरा दर्जा सौम्य दोष असलेल्या, तरीही सशर्त परवानगी मिळालेल्या कुत्र्यांचा असतो. ‘ए’ पाहून समाधान मानू नये. पुढे कोणता दर्जा लिहिला आहे तो वाचावा. त्याच कागदावर बहुधा पैदासमूल्याचा आकडाही असतो. तो नातेवाइकांच्या निकालांवरून काढतात, सरासरी 100 धरतात आणि आकडा 100 पेक्षा जितका खाली तितके चांगले. डॉक्टरांनी वर भावंडांविषयी जे सांगितले, त्याचेच हे हिशेबी रूप आहे.

वर्धाकाठ यांची तक्रार मला पूर्णपणे समजते. परंतु माझा अनुभव असा की, जो ग्राहक एकदा अधू कुत्र्यावर खर्च करून बसला, तो दुसऱ्या वेळी कागद मागतो.

मोर्शीकर

आमच्याकडे पिल्लू घरी आणले की दूध, अंडी, कॅल्शियमची बाटली आणि वजन वाढवण्याची पावडर हे सर्व एकदम सुरू होते. हाड मोठे झाले की सांधा पक्का होतो, असा सर्वांचा समज आहे. हे योग्य आहे का?

पशुवैद्यक (अमरावती)

हा समज नेमका उलटा आहे. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जादा कॅल्शियमचे शोषण रोखता येत नाही, म्हणून संतुलित आहारावर वरून दिलेले कॅल्शियम हाडांची घडण बिघडवू शकते. नुसत्या भाकरी-दुधावर किंवा नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाचा प्रश्न वेगळा आहे. तिथे उणीव असू शकते आणि आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. मात्र मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचे तयार खाद्य चालू असताना वर बाटली देण्याचे काहीही कारण नाही.

वजनाविषयी तर पुरावा फार भक्कम आहे. 48 लॅब्राडोरांचा आयुष्यभराचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच वेतातील पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या आणि जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाद्य दिले जात होते. कमी खाणाऱ्या गटात खुब्याचा संधिवात कमी प्रमाणात आणि उशिरा आला, आणि त्यांचे मध्यक आयुष्य 11.2 वर्षांऐवजी 13 वर्षे भरले. पिल्लाच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. आपल्या लोकांना असे पिल्लू उपाशी वाटते, याला माझा नाइलाज आहे.

वावरात वाढणाऱ्या पिल्लांना एक लाभही मिळतो. नॉर्वेमध्ये चार मोठ्या जातींवर केलेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत रोज जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत धोका जास्त आढळला, तर शेतावर जन्मलेल्या आणि मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळ्या फिरणाऱ्या पिल्लांत तो कमी आढळला. म्हणजे आपली काळी जमीन चांगली आणि घरातली गुळगुळीत टाइल्सची फरशी वाईट. व्यायाम मोकळा असावा. दुचाकीच्या मागे डांबरी रस्त्यावर पिल्लू पळवण्याचा जो प्रकार सर्रास दिसतो, तो बंद करावा.

तरीही हे लक्षात ठेवावे की आहाराने आणि जमिनीने दोषाची तीव्रता कमी होते, जनुके बदलत नाहीत. उत्तम सांभाळ झाल्यामुळे ज्याचे चित्र चांगले आले त्या कुत्र्याची पिल्ले दुसऱ्याच्या घरी तशी सांभाळली जातीलच असे नाही.

कारवान (यवतमाळ)

आमच्याकडे कारवान हाउंड आहेत. या जातीलाही हे सर्व करावे का?

पशुवैद्यक (अमरावती)

ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या, सडपातळ जातींत हा दोष फार कमी आढळतो. प्रत्येक जनावराचा एक्स-रे काढण्याचा आग्रह मी धरणार नाही. मुख्य नराचा एकदा काढून ठेवल्यास नोंद होईल. त्याखेरीज जवळच्या नात्यातील जोड्या टाळण्याकडे लक्ष द्यावे.

संत्राबगीचा (वरूड तालुका)

सर्वांचे आभार. आता व्यवहाराचे विचारतो. तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे यंत्र आहे, पण तिथे काढलेले चित्र तज्ज्ञांनी वाचण्यायोग्य नसते, असे आम्हांला सांगण्यात आले. मग नागपूरलाच जावे का? आणि खाली विक्रीचा करार कसा असावा, याविषयीही कोणी लिहावे.

पशुवैद्यक (अमरावती)

यंत्रापेक्षा मांडणी महत्त्वाची असते. कमर जराशी तिरपी झाली तरी एक वाटी खोल आणि दुसरी उथळ दिसते. हाती आलेले चित्र आपण स्वतःही पडताळू शकता: कमरेच्या हाडातील दोन्ही बाजूंची गोल छिद्रे सारख्या आकाराची दिसली पाहिजेत, मांडीची हाडे एकमेकांना समांतर हवीत आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या मधोमध दिसली पाहिजे. यांतले काही नसेल तर वाचनाला अर्थ नाही. चित्र पुन्हा काढून घ्यावे. जागेपणी कुत्रा अंग आखडतो, म्हणून गुंगी किंवा भूल देऊनच काढणे योग्य. मायक्रोचिपचा क्रमांक आणि तारीख चित्रातच उमटलेली असावी, नंतर पेनाने लिहिलेली नसावी. कोणत्या कुत्र्याचे चित्र आहे याविषयी संशय राहिला तर सगळा खटाटोप वाया जातो, आणि चित्रे बदलण्याचे प्रकार होतात हे आपण सर्व जाणतो. मूळ डिजिटल फाइल मागून घ्यावी; मोबाइलवर काढलेला फोटो वाचनासाठी चालत नाही.

नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था या दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या संस्था आहेत. आधी वेळ ठरवून तिथे चौकशी करावी. मार्च संपल्यानंतर मात्र हा प्रवास शक्यतो टाळावा. आपल्याकडचा 45 अंशांचा उन्हाळा, उपाशीपोटी कुत्रा, बंद गाडी आणि त्यावर भूल हे धोक्याचे आहे. पावसाळा सरल्यावर पहाटे निघावे.

जुना पैदासकार (नागपूर)

कराराविषयी मी सांगतो. श्वानपैदास व विक्रीबाबतचे 2017 चे केंद्रीय नियम लागू आहेत, हे अनेकांना ठाऊकच नसते. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, 18 महिन्यांच्या आतील मादी लावता येत नाही, वर्षात एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. खुब्याच्या दृष्टीने मी मादीसाठी 18 महिन्यांची मर्यादाही अपुरी मानतो; 24 महिन्यांचे चित्र हाती आल्याशिवाय पहिले वेत घेऊ नये.

करारात ‘पिल्लाला डिस्प्लेसिया होणार नाही’ अशी हमी कधीही लिहू नये, कारण ती कोणालाही देता येत नाही. आई-बापांच्या निकालांच्या प्रती जोडाव्यात आणि ग्राहकाने ठरलेल्या वयात एक्स-रे काढून त्याची प्रत दिली तर विक्रीच्या रकमेतील काही भाग परत मिळेल असे लिहावे. मी ही रक्कम आधीच वेगळी काढून ठेवतो. चित्र चांगले आले तरी आणि वाईट आले तरी परतावा सारखाच ठेवावा, नाहीतर वाईट चित्रे आपल्यापर्यंत पोहोचणारच नाहीत.

वर्धाकाठ (आर्वी)

परताव्याची कल्पना मला पटली. गाडीभाड्याएवढी तरी रक्कम असल्यास आमच्याकडील माणूसही जाईल. तरी मध्यम निकालाविषयी संत्राबगीचा यांनी सुरुवातीला विचारलेले राहूनच गेले. सौम्य दोषाची मादी ठेवावी की काढावी?

पशुवैद्यक (अमरावती)

मध्यम किंवा तीव्र दोष असेल तर काढावीच, त्यात चर्चा नको. सीमारेषेवरचा निकाल आला तर सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढावे. सौम्य दोष असेल आणि बाकी सर्व जनावरे निर्दोष असतील तर तिची गरजच नाही. परंतु ज्याच्याकडे दोन-तीनच माद्या आहेत, आणि ती मादी स्वभावाने, कामाने व इतर आरोग्याने सरस आहे, तिची भावंडेही चांगली आहेत, तिथे उत्कृष्ट घराण्याच्या नराशी एक वेत घेऊन त्या वेतातील प्रत्येक पिल्लाची तपासणी करणे मला मान्य आहे. एका कसोटीवर सरसकट निम्मी जनावरे काढून टाकली तर उरलेल्यांत नाते इतके जवळचे होते की दुसरे दोष वर येतात. कोपराचा सांधा याच भुलीत तपासून घ्यावा. जर्मन शेफर्डमध्ये तोही दोष आढळतो.

संत्राबगीचा (वरूड तालुका)

आमच्याकडील दोन माद्या आणि नर यांची तपासणी दिवाळीनंतर करून घेऊ आणि निकाल चांगले असोत वा वाईट, या धाग्यावर जसेच्या तसे टाकू. आधीच्या दोन वेतांतील ग्राहकांनाही कळवले आहे. दोघे एक्स-रे काढायला तयार आहेत. फक्त धाकटी मादी त्याच सुमारास माजावर येण्याची शक्यता आहे. त्याने काही फरक पडतो का?

पशुवैद्यक (अमरावती)

पडू शकतो. माजाच्या काळात संप्रेरकांमुळे काही माद्यांचे सांधे तात्पुरते सैल दिसतात. माज येण्याच्या तीन-चार आठवडे आधी किंवा संपल्यावर तेवढेच दिवस जाऊ देऊन चित्र काढावे. व्यालेली असेल तर पिल्ले दुधावरून सुटल्यानंतर तीन-चार आठवडे थांबावे. नर आणि थोरली मादी यांचे ठरल्याप्रमाणे करून घ्या, धाकटीची तारीख पुढे ढकला.